दोन कुलपांचं देऊळ

माझं माहेर आणि माझं सासर एकाच कंपाउंडात होतं. कोल्हापुरातलं जुनं मिशन कंपाउंड, त्याच्या एका टोकाला वडिलांचं घर, दुसऱ्या टोकाला सासऱ्यांचं, आणि मधे चर्च, आमच्या बोलण्यात देऊळ. सासरच्या न्हाणीघरामागं उभं राहिलं की आईच्या अंगणातली दोरी दिसायची. आज तिनं कुठलं लुगडं धुतलंय, ते मला रोज कळायचं. आणि तीन वर्षं मी त्या घराची पायरी चढले नव्हते.

हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. पण असंच होतं. आणि हे करणारी माणसं कुणी दुष्ट नव्हती. सकाळ-संध्याकाळ घरभक्ती करणारी, क्षमेच्या प्रार्थना तोंडपाठ असलेली, शेजाऱ्याच्या आजारपणात रात्र जागणारी माणसं होती. म्हणून तर जास्त राग येतो. दुष्टानं कोंडलं तर त्याला शिव्या तरी देता येतात. या भल्या माणसांना काय म्हणायचं?

माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सासरे, म्हणजे मामंजी, शाळेचे हेडमास्तर. दोघं लहानपणापासूनचे जिवलग. उपासनेत आबा पेटी वाजवायचे आणि मामंजी तबला. गाणं संपलं की दोघं एकमेकांकडं बघून मान हलवणार, हे ठरलेलं. त्या दोस्तीपायीच माझं लग्न झालं. ‘पोरगी लांब कशाला द्यायची? डोळ्यासमोर राहील,’ असं आबा म्हणाले होते. राहिले की मी डोळ्यासमोर. तेवढंच राहिले.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत बिनसलं. मिशनचे गोरे साहेब आणि मडम आपल्या देशी निघून गेले होते. आमचे म्हातारे पाळक निवृत्त होऊन जयसिंगपूरला मुलाकडं राहायला गेले, आणि आता नवा पाळक कोण, यावर मंडळी दुभंगली. मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसं, आम्ही तसंच म्हणतो. आबांची बाजू म्हणायची, आपल्यातलाच एक पोरगा शिकून आलाय, त्याला घ्या. मामंजींची बाजू म्हणायची, आपल्यातला घेतला तर तो आपल्यातल्याच कुणाचा तरी होऊन बसणार, बाहेरचा आणा. दोघांचंही बरोबर होतं. भांडण पेटायला आणखी काय लागतं?

एका शनिवारी आबांच्या माणसांनी चर्चच्या मोठ्या दाराला आपलं कुलूप घातलं, दुसऱ्या दिवशी बाहेरचा पाळक आत उभा राहू नये म्हणून. रविवारी सकाळी मामंजींची माणसं आली. कुलूप फोडावं तर देवळाचं दार फोडल्याचं पाप डोक्यावर. मग त्यांनी काय केलं, तर त्याच साखळीला आपलं दुसरं कुलूप घातलं. आता दोन्ही चाव्या एकदम आल्याशिवाय दार उघडणार नव्हतं. मागच्या दाराला तर दोन्ही बाजूंनी मिळून फळ्या ठोकल्या, कुणी चोरून आत जाऊ नये म्हणून. तीन वर्षांत दोघांनी एकत्र येऊन केलेलं काम तेवढंच.

त्यानंतर दर रविवारी आबांची उपासना पुढच्या पायऱ्यांवर आणि मामंजींची मागच्या बाजूला चिंचेखाली. पुढं नुसती पेटी, मागं नुसता तबला. एकाच वेळी दोन गाणी, ही बाजू त्या बाजूपेक्षा मोठ्यानं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकायची आणि हसून पुढं जायची. मी चिंचेखाली बसायचे. गाणं म्हणताना माझा कान पुढं असायचा. आईचा आवाज चिरका, पण हजारात ओळखू यावा असा. तो ऐकू आला की मला आठवडाभर पुरायचा.

घरात मामंजींनी एकदाच सांगितलं, ‘त्या घराची पायरी चढायची नाही.’ आवाज चढवला नाही. हेडमास्तर होते, आवाज न चढवता वर्ग गप्प बसवायची सवय. तिकडं आबांनीही आईला तेच सांगितलं, ‘ती आता तिकडची.’ माझा नवरा चांगला माणूस. बापापुढं तोंड उघडायचं नाही, हा एकच दुर्गुण. तो एकच पुरेसा होता. मी त्याला म्हणायचे, ‘तुम्ही तरी एकदा बोला की.’ तो म्हणायचा, ‘बघू. जरा निवळू दे.’ काय निवळतंय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो तर अजून जळलाही नव्हता.

सुरुवातीला आम्ही मायलेकी लक्ष्मीपुरीत भाजीच्या बाजारात भेटायचो. आई मेथीची जुडी उलटीपालटी करत बोलायची, मी वांगी दाबून बघत ऐकायचे. भाजीवाली बाई शहाणी होती, भाव सांगायची आणि तोंड फिरवून बसायची. मग कुणीतरी पाहिलं. कुणी ते आजतागायत कळलं नाही. पुढच्या आठवड्यापासून आमच्याकडची भाजी माझा नवरा आणायला लागला आणि तिकडची आबा. कडू कारली आणायचे दोघं.

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत हिंदू-ख्रिस्ती बघत नाही. सातवा सरला, आठवा सरला, न्यायला कुणी आलं नाही. येणार तरी कसं? आत्तींनी सगळं केलं. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. त्यांनी काही कमी केलं असं म्हटलं तर माझी जीभ झडेल. पण त्या मुळात कमी बोलणाऱ्या. पहिल्या खेपेच्या बाईला नुसतं तेल आणि शेक पुरत नाही, आईची बडबड लागते. गावातल्या सरकारी दवाखान्यातून लेकीला घेऊन टांग्यानं आले तेव्हा आई आपल्या अंगणात उभी होती. पुढं आली नाही. मी टांग्यातूनच ते दुपट्यातलं गाठोडं जरा वर उचललं. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मला इतकी चीड आली होती त्या दिवशी, सगळ्यांची, आईचीसुद्धा. धावत यायला काय झालं होतं तिला?

लेकीचा बाप्तिस्माही अडला. मामंजींचं म्हणणं, होईल तर देवळातच होईल. म्हणजे कुलपं निघतील तेव्हा. ती बसायला लागली, रांगायला लागली, दोन दात आले, आणि तिची आजी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर दोरीवर कपडे वाळत घालत होती.

मला एकच हवं होतं. लेकीला कडेवर घ्यायचं, उजेडात, सगळ्यांच्या देखत चालत जायचं आणि आईच्या मांडीवर टाकायचं. पण मंडळी एक झाल्याशिवाय ते व्हायचं नव्हतं. म्हणून मी रोज मंडळीसाठी प्रार्थना करायचे. मंडळीचं नवीकरण होऊ दे, जखमा भरून येऊ देत, वगैरे. मंडळीचं मला काही पडलं नव्हतं. देवालाही ते कळत असणार, पण त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

मग जयसिंगपूरहून म्हाताऱ्या पाळकांचा निरोप आला. तीन दिवस संजीवन सभा घेतो, मनं पुन्हा जागी करायला, शेवटी रविवारी प्रभुभोजन. अट एकच, सभा देवळात होईल, बाहेर नाही. दोन्ही बाजूंच्या सगळ्यांची लग्नं त्यांनी लावलेली, पोरांना बाप्तिस्म्याचं पाणी त्यांनी दिलेलं. त्यांना नको कोण म्हणणार? आणि जो म्हणेल तो संजीवनाच्या आड आला, असं होणार. म्हणून दोन्ही चाव्या गुपचूप आल्या.

दार उघडलं तर आत वटवाघळांचा वास आणि बाकांवर बोटभर धूळ. साफसफाईला दोन्हीकडच्या बायका लागल्या. मी मुद्दाम आई होती त्या बाजूची बादली उचलली. आम्ही दोघी एकाच फरशीवर ओणव्या बसून पुसत होतो आणि आजूबाजूला दहा जणींचे डोळे. आई फडकं पिळत, फरशीकडं बघत म्हणाली, ‘वाळलीस.’

‘तू पण,’ मी म्हटलं.

एवढंच बोललो. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी आत्तींशी उगाचच खूप बोलले, आणि त्या हसल्या.

तिसऱ्या दिवशीच्या सभेत म्हातारे पाळक फार बोलले नाहीत. म्हणाले, ‘ज्याच्या मनात कुणाविषयी काही आहे, त्यानं पुढं यावं. मी थांबतो.’ आणि खरंच थांबले. बाकं करकरत होती, कुणी खाकरत होतं. मी डोळे मिटले होते, पण पूर्ण नाही. आणि आबा उठले. त्याच क्षणी पलीकडून मामंजीही उठले. दोघं मधल्या वाटेत समोरासमोर आले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. माझ्या बापाला मी जन्मात रडताना पाहिलं नव्हतं, ते हुंदके देत होते. मामंजी त्यांच्या पाठीवर तबल्यासारखी बोटं आपटत होते. सगळं देऊळ रडत होतं. तीन वर्षं ज्यांनी एकमेकांना सलाम घातला नव्हता, ते एकमेकांचे हात सोडेनात. मी नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. म्हणजे जायचं. आईकडं जायचं.

पाळक म्हणाले, ‘रविवारी एका पावातून, एका रसातून घेऊ. मग सगळ्यांनी एकमेकांच्या घरी जा.’ मी म्हटलं ठीक आहे. एवढी वर्षं काढली, रविवार काय लांब आहे?

आता इथं आमची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं प्रभुभोजनाचा पाव आणि काळ्या मनुकांचा रस पंचांच्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांच्या, घरून यायचा, पाळीपाळीनं. दारू चालत नाही म्हणून मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, वस्त्रगाळ करायच्या. ज्या घरी पाळी, त्या घराला मान. कुलपं पडली तेव्हा पाळी आबांची होती आणि ती तशीच राहून गेली होती. त्यामुळं आईला वाटलं, आपली राहिलेली पाळी आपणच पुरी करायची. मामंजींनी हिशोब केला, तीन वर्षांत पाळी फिरून आपल्याकडं आली. विचारायला हवं होतं. पण परवाच तर गळाभेट झालेली. ‘पाळी तुमची की आमची?’ असं विचारायला जावं तर भांडण उकरल्यासारखं दिसणार. म्हणून दोघांनी विचारलं नाही. दोन्ही घरांत मनुका भिजल्या. आत्तींनी त्या गाळताना मी स्वतः वस्त्र धरलं होतं, आणि खरं सांगते, त्या घरात इतका प्रेमळ रविवार मी त्याआधी पाहिला नव्हता.

चर्चमधे गेलो तर मेजावर दोन पाव, दोन पांढऱ्या कापडांखाली. दोन सुरया.

म्हातारे पाळक बघत राहिले. मग हळू म्हणाले, ‘एक उचला.’

आबा पुढं झाले. ‘आमचं उचलतो. त्यांचंच राहू दे.’

‘नाही, नाही,’ मामंजी म्हणाले. ‘आमचं काढा. मान त्यांचा.’

‘तुम्ही वयानं मोठे.’

‘तुमची पाळी राहिली होती.’

लोक हसले. कौतुकानंच हसले. मलाही बरं वाटलं. पण ते थांबेनात. प्रत्येक जण दुसऱ्याची सुरई मेजाच्या मधे ढकलत होता आणि आपली मागं ओढत होता. नम्रपणातसुद्धा कुणी हरायला तयार नव्हतं. चौथ्या की पाचव्या ‘नाही’ला आबांच्या आवाजात धार आली. ‘आम्ही सोडतोय म्हटल्यावर घ्यायला काय हरकत आहे तुमची?’

मामंजींचा हात थांबला. ‘सोडताय? म्हणजे आमच्यावर उपकार?’

‘तसं म्हणालो का मी?’

‘तीन वर्षांपूर्वी सोडलं असतं तर हे झालंच नसतं.’

आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘पण कुलूप आधी घातलं कुणी?’

झालं. सगळे उभे. परवा गळ्यात पडलेली तीच माणसं एकमेकांच्या नाकाशी बोटं नाचवत होती. मला वाटलं आपण इथंच मरून जावं. लेक रडायला लागली, आत्ती तिला घेऊन बाहेर गेल्या. म्हाताऱ्या पाळकांनी दोन्ही पाव आणि सुरयांवर एकच मोठं कापड ओढलं, छत्री उचलली आणि स्टेशनच्या वाटेला लागले. त्यांच्यामागं समजावायला निम्मे पुरुष धावले, उरलेले दारात भांडत राहिले.

तेवढ्यात आई मला कोपऱ्यातून खूण करताना दिसली. ती बाजूच्या लहान खोलीत शिरत होती, तिथं प्रभुभोजनाचे छोटे काचेचे प्याले धुतात. काहींमधे रस ओतून झाला होता. मी तिच्यामागं गेले. ती म्हणाली, ‘वाळलं तर डाग पडतील.’ एवढं सगळं कोसळत होतं आणि हिला डागांची काळजी. पण मला माहीत होतं, तिला प्याल्यांची काळजी नव्हती. ती पाणी ओतत होती, मी धूत होते, आमचे हात त्या घमेल्यात एकमेकांना लागत होते.

बाहेरचा गलका दूर गेला. मग कडी वाजली. खट्. थोड्या वेळानं पुन्हा, खट्.

मी धावत गेले. आत कुणी आहे का हे न बघताच दोन्हीकडच्यांनी आपापलं कुलूप दाबलं होतं. दार बंद. पुढं दोन कुलपं, मागं फळ्या, खिडक्यांना गज. ज्या दाराआड मी तीन वर्षं मनानं कोंडलेली होते, त्यात आता देहानंही अडकले. मी हात उगारला दार ठोकायला.

‘थांब,’ आई पदराला हात पुसत आली. ‘वरडू नगो. आत्ताशी कुठं बसायला मिळालंय.’

आम्ही अगदी पुढच्या बाकावर बसलो, पंच बसतात तिथं. आणि तिनं विचारायला सुरुवात केली. कळा किती वेळ चालल्या. टाके पडले का. दूध कधी आलं. पोट कुणी बांधलं, घट्ट बांधलं का सैल. लेक उजव्या अंगाला जास्त पिते का डाव्या. जे एका आईनं विचारायचं असतं ते सगळं, आठ महिने साठवलेलं. मी सांगत होते आणि ती माझ्या पोटावर हात ठेवून ‘व्हय... व्हय’ करत होती. मी सांगितलं, तू त्या दिवशी अंगणातून पुढं आली नाहीस याचा मला राग आहे. ती म्हणाली, ‘मलाबी हाय. माझाच.’ आणि मग आम्ही दोघी रडलो, पोटभर.

बाहेरून लेकीचं रडणं ऐकू आलं. भुकेचं. ते ऐकताच माझा पान्हा फुटला, पोलकं ओलं झालं. मग मात्र मी दार बडवलं.

माणसं जमली. नवरा दारापाशी येऊन माझ्या नावानं हाका मारायला लागला, आवाज पार फाटलेला. कुणीतरी मामंजींना आणलं, कुणीतरी आबांना स्टेशनच्या वाटेवरून परत आणलं. आता दोन्ही चाव्या दारात होत्या. आम्हाला आतून सगळं ऐकू येत होतं.

‘आधी घातलं त्यानं आधी काढावं,’ मामंजी म्हणाले.

‘शेवटी घातलं त्यानं आधी काढावं,’ आबा म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. आणि माझ्या आईनं, जिचा आवाज मी नुसता गाण्यात ऐकत आले होते, दाराला तोंड लावून सांगितलं, ‘काढूच नका. दोघंबी चाव्या न्हेऊन रंकाळ्यात टाका.’

बाहेर लेकीचं रडणं चढत गेलं.

मी तिचा दंड धरला. ‘आई, पोर भुकेली आहे.’

‘मला कळत न्हाई व्हय?’ ती माझ्याकडं वळून हळू म्हणाली. ‘पण आत्ता भाईर गेलीस तर तू त्या टोकाला आणि मी ह्या. मग कवा? मी मेल्यावर?’ पुन्हा दाराशी गेली. ‘माझी पोरगी आज माझ्या घरला येणार असली तर उघडा. न्हाईतर आमी हितं बऱ्या हाय.’

बोलणं सोपं होतं. माझी छाती ठणकत होती, लेक बाहेर आक्रोश करत होती, आणि आई दाराला पाठ लावून उभी. दोघींपैकी एकीला मी पायाखाली तुडवणारच होते. त्या क्षणी मला देव, मंडळी, संजीवन, सगळ्याचा उबग आला. मी म्हणणार होते, उघडा, काय वाटेल ते करा, पण उघडा.

बाजूच्या खिडकीत काहीतरी खुडबुडलं. त्या खिडकीचा एक गज कधीचाच निखळलेला होता. मोठं माणूस जाणार नाही, पण मूल जाईल एवढी फट. पाहते तर आत्ती. बुटक्या बाई, बाहेर कुंडी पालथी घालून वर चढलेल्या, धापा टाकत. त्यांनी लेकीला दोन्ही हातांनी फटीतून आत सरकवलं.

‘धर,’ त्या म्हणाल्या. ‘पाज तिला. घाई करू नगो.’

मग त्या कुंडीवरून उतरल्या आणि खिडकीखाली जमिनीवर बसल्या. मामंजींना म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘माझी वाट बघू नका. मी हितंच हाय.’ चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला सांगितलेलं हे पहिलंच वाक्य असावं. त्यांच्याशेजारी दुसरी बसली, मग तिसरी. दोन्ही बाजूंच्या. कुणी घरी गेली नाही. रविवारचा दिवस, आणि एकाही घरात मटण चुलीवर चढलं नाही. कोल्हापूरकराला याचा अर्थ सांगायला नको.

आत आईनं नातीला पहिल्यांदा हातात घेतलं, माझं पाजून झाल्यावर. तिची बोटं, कान, टाळू, सगळं तपासलं. लेकीनं तिच्या गळ्यातली पोत धरून तोंडात घातली. आई हललीच नाही, कुठं सोडेल म्हणून.

उन्हं कलली तेव्हा एक कुलूप निघाल्याचा आवाज आला. मामंजींचं. आता आबांचं राहिलं होतं, आणि आबा चावी घेऊन उभेच. ते दाराशी येऊन म्हणाले, ‘त्यांनी एकदा म्हणू दे, चुकलं म्हणून.’

‘त्यांचं ऱ्हाऊ दे,’ आई आतून म्हणाली. ‘मी तुमची बायको. तुमच्या कुलपात बसलोय. माझं काय चुकलं तेवढं सांगा.’

मग चावी फिरली.

आई नातीला कडेवर घेऊन बाहेर पडली आणि माझा हात धरून त्या सगळ्या पुरुषांमधून सरळ चालायला लागली. आबांनी बाजूला होताना नातीकडं पाहिलं. इतक्या जवळून पहिल्यांदाच. त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. मामंजी म्हणाले, ‘सूनबाई, कुठं निघालात?’

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘बाळंतपणाला.’

लेक आठ महिन्यांची, तोंडात दोन दात. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. पण आईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि आत्तींनी ‘जा’ म्हणून मान हलवली.

आणि तिनं खरंच केलं. आबांनी माळ्यावरची बाज काढली, झटकली, आतल्या खोलीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला ओल्या बाळंतिणीसारखं तेल चोळलं, डोक्यापासून तळपायापर्यंत. कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, बाजेखाली शेगडी ठेवली, डोक्याला फडकं बांधलं. मी म्हटलं, ‘आई, आता याचा काय उपयोग?’ ती म्हणाली, ‘गप पड.’ माझी कंबर चोळता चोळता ती अखंड बडबडत होती, शेजारणीची, म्हशीची, कुणाच्या लग्नाची, आणि मी पालथी पडून रडत होते. अंगातली एकेक गाठ सुटत होती. आबा ओसरीत नातीला मांडीवर घेऊन पेटी वाजवत होते, एका हातानं.

मंडळी एक झाली का? नाही. पुढच्याच रविवारी पुन्हा पायऱ्यांवर एक आणि चिंचेखाली एक. कुलपं पुन्हा लागली. एक व्हायला आमच्या देवळाला कितीतरी वर्षं लागली, आणि ती वर्षं मी ज्या तोंडानं काढली ते मलाच ठाऊक. पण त्या पुढच्या रविवारी मी दोन्हीपैकी कुठंच गेले नाही. बाजेवर पडून होते.

संध्याकाळी दारात दोन माणसं आली, एक या बाजूचा पंच, एक त्या बाजूचा. काय ते एकदा कळू दे म्हणाले. मी माहेरी आले म्हणजे पायऱ्यांवर बसणार, की सासरची म्हणून चिंचेखालीच? आणि मुलीचा बाप्तिस्मा कुणाकडं? आई तेलाच्या हातानं उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

‘बाळंतीण हाय,’ ती म्हणाली. ‘सव्वा महिना ती कुणाच्याच बाजूची न्हाई. त्याम्होरं इचारायचं असलं तर या, पण आज आलासा तसंच या. दोघं संगट.’

ते दोघं एकमेकांकडं बघायला लागले. कंपाउंडाच्या फाटकापासून आमच्या दारापर्यंत आपण बरोबर चालत आलोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.